पादरा रस्त्यावरचा निळा धूर

बडोद्याच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि सकाळचंच ऊन अंगावर धावून आलं. मामांनी आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, "गाडी हवी असेल तर उद्याच ये. संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय." त्यांच्या ज्या जुन्या गाडीवर मी गियर टाकायला शिकले, ती कापली जाणार हे ऐकल्यावर नाशिकला माझा पाय ठरेना. मांजलपूरला मामांच्या घरी जाताना मी रिक्षावाल्याला तीनदा घाई केली. शेवटी तो मागे वळून म्हणाला, "शांति राखो बेन, गाम क्यांय नासी नथी जतुं." (धीर धरा ताई, गाव कुठं पळून जात नाही.) गाव नाही हो, गाडी जाते आहे!

आमचे मामा पिढीजात बडोदेकर. पणजोबा संस्थानच्या फौजेत, मामा रिफायनरीच्या प्रयोगशाळेत. तेलाचा थेंब दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि त्यात काय मिसळलंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. निवृत्तीनंतरही आसपासचे मेकॅनिक त्यांच्याकडे तेलाच्या बाटल्या घेऊन येत.

"ऑइलच्या दाबाचा काटा खाली बसतो, मागून निळा धूर," मामा चहा ओतता ओतता म्हणाले. "जयंतीभाई म्हणतो, रिंग गेल्या, बेअरिंग गेली. इंजिन उघडायचं असेल तर मला नको ती कटकट. पाठवतो भंगारात."

"मी चालवून बघते," मी म्हटलं. चहा तसाच राहिला.

मेकॅनिक जयंतीभाई शेजारी बसले, मामा मागे. पादऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत काटा बरा होता. दोन्हीकडे एरंडीची शेतं आणि भाजीचे टेम्पो. गाडी तापली तसा काटा घसरू लागला. पाय दाबला की आरशात निळं ढगाळ व्हायचं, मागचा स्कूटरवाला शिव्या घालत पुढं जायचा. माझा जीव टांगणीला लागला होता.

पादऱ्यात थांबून सेव-उसळ घेतली. तिखटानं नाकातोंडातून पाणी आलं, तरी चित्त बॉनेटमध्येच. जयंतीभाईंनी गाडीतलं फडकं घेऊन तेलाची पट्टी पुसली. तेल खुणेच्या वर होतं.

"जळतंय तर कमी व्हायला हवं, वर कसं चढलं?" मी विचारलं.

"मीच टाकलं," मागून मामा म्हणाले. "काटा पडला की ओततो थोडं."

"पातळ लागतं बोटाला," मी म्हटलं.

"गरम आहे, पातळ लागणारच." मामांनी थेंब चोळला, नाकाशी नेला. "शुद्ध ऑइल."

"साहेबांनी सुंघलं, मग सवालच नाही," जयंतीभाईंनी बॉनेट लावलं. पुढं कुणी नाक लावलं नाही, मीही नाही. मामांनी हुंगल्यावर आपण हुंगायचं म्हणजे आगाऊपणाच की!

परतताना आरशात पुन्हा तोच धूर. रागच आला होता सगळ्यांचा.

मांजलपूरला पोचलो. मामी धुण्याचे कपडे गोळा करत होत्या, म्हणून मी ते तेलकट फडकंही त्यात टाकायला नेलं. त्यांनी माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि ओरडल्याच, "अगं, पेट्रोलचं फडकं मशीनमध्ये घालायला निघालीस? घर पेटवायचंय?"

"पेट्रोल नाही मामी, इंजिनचं तेल आहे."

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा रिफायनरीचे कपडे धुण्यात!"

मी फडकं हुंगलं. भक्ककन पेट्रोल! जयंतीभाईंनी हुंगलं आणि कपाळावर हात मारला. त्यांच्या गॅरेजात हवाच पेट्रोलची, नाक लावल्याशिवाय त्यांना वेगळं काय जाणवणार? आम्ही सगळे मामांकडे बघू लागलो.

मामा फडकं नाकाशी धरून नुसते उभे होते.

"मागे तो ताप आला ना, तेव्हापासून नाकच गेलं," ते हळूच म्हणाले. "कशाचाच वास येत नाही."

"आणि परवा दूध जळून कोळसा झालं, तुम्ही तिथंच पेपर वाचत होतात!" मामींचा आवाज फाटला. "उद्या गॅस सुटला असता म्हणजे? बोलायचं नाही का माणसानं?"

"काय बोलू? ह्या नाकाशिवाय माझ्याकडे दुसरं होतं काय?"

मला रडू आलं. जयंतीभाई इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप खोलायला बसले. आतला रबरी पडदा फाटलेला होता. तिथून पेट्रोल इंजिनच्या तेलात झिरपत होतं. तेल पातळ होऊन दाब पडायचा, आणि मामा वरून भर घालत, म्हणून जास्तीचं तेल जळून धूर. काखेत कळसा आणि पादऱ्याला वळसा!

नवा पडदा घडियाळी पोळ या जुन्या गल्लीजवळच्या दुकानात मिळाला. मी येईपर्यंत टेम्पो दारात लागला होता. मामांनी स्वतः तो परत पाठवला, "नथी वेचवी भाई," (विकायची नाही) असं दोनदा सांगून. तेल बदललं, फिल्टर बदलला. थोडा वेळ धूर आला, मग विरळ होत गेला. इंजिन चांगलं तापवलं, तरी काटा जागेवर राहिला.

दुसऱ्या दिवशी निघाले. सुरत मागे पडेपर्यंत माझी नजर काट्यावरून हलत नव्हती. सापुताऱ्याच्या घाटात मात्र गाडी गुणगुणत चढली आणि मला पहिल्यांदा भूक लागली.

नाशिकला दारात गाडी लावली तोच मामांचा फोन. मला वाटलं, ते काटा विचारणार, धूर विचारणार.

"आत कसला वास येतो गं?" त्यांनी विचारलं.

प्रवासभर मी प्रत्येकाला घाई केली होती. आता सामान सोडून पुन्हा सीटवर बसले, काचा वर केल्या आणि डोळे मिटले.

"तापलेल्या रेक्झिनचा," मी म्हटलं. "थोडा डांबरगोळीचा. मामींनी दिलेल्या ठेपल्यांतल्या मेथीचा."

"आणि?"

मी पुन्हा श्वास घेतला आणि सांगत राहिले.