बोर्डापलीकडची सेविका

दुबई संपून शारजा नेमकी कुठे सुरू होते, हे तिथे राहणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही. रस्त्यात एक बोर्ड लागतो, एवढंच. माझं सोशल वर्करचं लायसन्स मात्र बरोबर त्या बोर्डापाशी संपायचं. "अलीकडे तू समुपदेशक, पलीकडे नुसती मावशी," नवरा चिडवायचा. ते खरं असल्यामुळे मला फारच राग यायचा.

पलीकडे माझी रत्नागिरीची एक क्लायंट राहायला गेली होती. बाळंतपणानंतर ही मुलगी घरात कुणाशी बोलेनाशी झाली होती. दुबईत अल बर्शातल्या आमच्या केंद्रात कुठे चार शब्द बोलू लागली, तोच तिच्या नवऱ्याने शारजात दुकान थाटलं. तिथल्या एका केंद्राने मला बोलावलं, पण आधी शारजाचं लायसन्स आणा म्हणाले.

पुण्यातल्या माझ्या जुन्या संस्थेने माझ्या अनुभवाच्या दाखल्यात 'समाजसेविका' लिहिलं होतं. सरकारी कागदांची भाषांतरं करून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याने त्यातला समाज गाळला आणि उरलेल्या सेविकेची अरबीत मोलकरीण केली. मला अरबी वाचता येत नाही. मी लायसन्सच्या कचेरीत ऐटीत तो कागद खिडकीतून आत सरकवला.

"विच फॅमिली?" आतल्या बाईंनी विचारलं.

"मेनी फॅमिलीज!" मी म्हणाले. "एव्हरी डे न्यू!"

बाईंचा चेहरा उतरला. इथे मोलकरणीने व्हिसा काढून देणारा स्पॉन्सर सोडून दुसऱ्याच्या घरी काम करणं कायद्यात बसत नाही, आणि मी तर गावभर धुणीभांडी कबूल करत होते.

"युवर स्पॉन्सर नोज?"

माझा स्पॉन्सर म्हणजे नवरा. "ही इज व्हेरी प्राउड!"

हा घोळ निस्तरेपर्यंत उन्हाळा सरला. तोवर ती रत्नागिरीची मुलगी मला फोन करायची. समुपदेशनाची परवानगी नसल्यामुळे मी निमूट बांगड्याच्या कालवणाबद्दल बोलायचे. ती मात्र भरभरून बोलायची: आई तिरफळं कशी ठेचते, आई कोकम कधी घालते.

अखेर लायसन्स आलं. पहिल्या दिवशी मी ओळखपत्र गळ्यात अडकवून, फाइल उघडून विचारलं, "कसं वाटतंय आता?"

ती मांडीवरच्या बाळाचं दुपटं चुरगाळत बसली. एवढी यातायात करून हिचं तोंड मीच बंद केलं की काय!

मी फाइल मिटली. "काल कालवण केलंस?"

"केलं," ती म्हणाली. "पण ताई, चुकलं तर विचारू कुणाला? आई गेली ना. मी इथे बाळंत होते, म्हणून मला घरात तेव्हा कुणी सांगितलंच नाही."

मी उठून तिच्या शेजारी बसले. ती रडत राहिली. बाळाने माझं ओळखपत्र ओढून तोंडात घातलं. मी घालू दिलं.