खोबरेल लावलेली केबल

यंदा, सत्त्याऐंशी साली, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, माझ्या शेजारच्या खोलीतल्या काकांना भर फलाटावर चोर ठरवून कामावरून काढलं. गिरणीतली नोकरी सुटल्यावर ते ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागले होते. काम एकच. कुठली गाडी किती वाजता येते ते सांगणाऱ्या इंडिकेटरच्या केबली फलाटाखालच्या लोखंडी पाइपातून ओढायच्या आणि जपायच्या. स्टेशन आमच्या बोरीवलीच्या बाजूचंच. नाव मुद्दाम लिहीत नाही; जे तिथे होते त्यांना ठाऊक आहे.

नवी केबल टाकून पंधरा दिवस झाले नाहीत तोच इंडिकेटर मेला. मुकादमाने पाइपाच्या तोंडाशी सोललेली केबल वर धरून सगळ्यांना दाखवली आणि सांगितलं, तांब्यासाठी यानेच सोलली. लोकांनी मान डोलावली. अरे, तांबं तर तिथेच चमकत होतं. चोर सोलतो आणि ठेवून जातो? हे एकानेही विचारलं नाही.

मला पहिला संशय मुकादमाचाच आला. दुसरा स्टोअरवाल्याचा. केबल पाइपातून सरकावी म्हणून तिला शंखजिऱ्याची पूड चोळतात आणि शेवटी पाइपाचं तोंड झाकण लावून बंद करतात. पूड काकांना मिळाली नव्हती, झाकणंही नाहीत. मग ती गेली कुठे? मी रात्रभरात पत्रक लिहून सायक्लोस्टाइल केलं, मुकादमाला जाहीर सवाल टाकले आणि सकाळी त्याच्याच हातात एक प्रत दिली.

त्याने ती वाचलीसुद्धा नाही. म्हणाला, "पुढारी, हे त्या पाइपात घाल. उंदीर तरी वाचतील."

मी चार पावलं गेलो आणि थांबलो. उंदरांचं नाव मी काढलं नव्हतं. पत्रकातही नव्हतं. याला कसं सुचलं?

परत जाऊन पाइपाशी उकिडवा बसलो. सुरीने सोललं तर कड सरळ येते. ही कड कुरतडलेली होती, बारीक दातांची. मुकादमाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण केबल नाकाजवळ नेली तर वास आला खोबरेलाचा. आमच्या चाळीत सकाळी प्रत्येक डोक्याला येतो तोच.

आता संशय कोणावर घ्यायचा? घरी आलो. काका दाराशी बसले होते, काकी आत. मी विचारलं, केबलीला तेल कोणी लावलं. त्यांनी एकदा आत काकींकडे पाहिलं.

"मीच लावलंय रे झिला. पूड मागून मागून कंटाळलंय. मुकादम म्हणालो, कशीय ओढ. माका काय म्हायत, उंदरांक वास येतलो?"

काकी आतून म्हणाल्या, "आणि माका सांगल्यानी, बाटली सांडली."

हे त्यांनी रेल्वेच्या साहेबाला का सांगितलं नाही? चोर म्हणवून घेतलं, पण अडाणी म्हणवून घ्यायला लाज वाटली. चिडलो मी त्यांच्यावर. माझ्या पत्रकावरही चिडलो, कारण पूड कोणी खाल्ली ते मला आजही माहीत नाही आणि मी ते छापून मोकळा झालो होतो. ते मी मागे घेतलं. हे घेणार नाही: काकांची चूक झाली, चोरी झाली नाही. पूड दिली असती, झाकण लावलं असतं, तर चूकही झाली नसती.

साहेबाकडे अर्ज केला. साहेब म्हणाले, चाळकऱ्यांची साक्ष नको, फलाटावरचा कोणी माणूस आणा. काका अजून घरी बसून आहेत. चोराला दुसरा ठेकेदारही घेत नाही.

त्या सोमवारी तुमच्यापैकी कितीतरी जण गाडीची वाट बघत त्या फलाटावर उभे होते. केबल वर धरली तेव्हा तांबं जागेवर होतं, हे तुम्ही पाहिलंत. स्टेशन मास्तरांकडे जा, तक्रारवही मागा, मिळेपर्यंत हलू नका. तेवढं एकच वाक्य लिहा आणि खाली स्वतःची सही करा.