तिला मागे धावता येत नव्हतं

खरं तर हे मी लिहायला नको. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझ्या लिहिण्याची झेप परीक्षेच्या उत्तरांपुरती. धावण्यातलं तर मला त्याहून कमी कळतं. ज्यांना कळतं त्यांनी लिहावं, असं म्हणून मी पुष्कळ दिवस थांबलो. पण वर्तमानपत्रात तिच्याबद्दल येतं ते दोन ओळींत, आणि त्या दोन ओळींत ती नसते. म्हणून धाडस करतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

ती आमच्या शेजारची. आमच्या गावी, वरवट बकालला, त्यांच्या आणि आमच्या अंगणांमध्ये पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं, एक कुंपण आहे, तेवढंच अंतर. तुम्ही तिला कधी जवळून पाहिलं असेल, तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. ती बसत नाही. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, बोलणं तर चालता चालता. तिची आई वैतागायची.

"बस व माय जराशी. घोड्यावर बसून आली का?"

"बसलं का पायाइले राग येते," ती म्हणायची आणि हातातली भाकर घेऊन अंगणात फिरायला लागायची.

ती पंधराशे मीटर धावते. ना धड जवळचं अंतर, ना धड लांबचं. गावात हे समजावणं फार अवघड. एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात एका म्हाताऱ्या बुवांनी मला विचारलं होतं, "पंधराशे मीटर म्हणजे किती बे? फाट्यालोक?"

"हाव, फाट्यापर्यंत, जवळपास तितकंच."

"मंग त्याच्यासाठी दिल्लीले कायले जा लागते?"

हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की दोन मिनिटं एका जागी उभी राहिली.

धावायला ती शिकली त्यांच्या शेताच्या पांदणीत. कापूस वेचणीच्या दिवसांत त्या वाटेनं सतत गाड्या, ट्रॅक्टर. जो मागे, त्याच्या तोंडात धूळ. म्हणून ती कुणाच्या मागे राहायचीच नाही. गाडी दिसली की जोर लावून पुढे. "मांगं राह्यलं का धूळ खा लागते," हे तिचं नेहमीचं वाक्य. शाळेत, जिल्ह्यात, राज्यात ती अशीच जिंकली. पहिल्या पावलापासून पुढे, ते शेवटपर्यंत पुढे. त्याच जोरावर राष्ट्रीय शिबिरात गेली आणि मग भारताच्या संघात.

परदेशातली तिची पहिली मोठी शर्यत आम्ही त्याच हॉटेलात पाहिली. फरसाणाच्या बरणीला मोबाईल टेकवून ठेवला होता. ती पुढे होती. अख्खं जग तिच्या मागे धावत होतं, असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात तिथे घंटा वाजली.

आता आमच्याकडे घंटा वाजली म्हणजे संपलं. शाळेत काय, परीक्षेत काय. बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली. तिच्या आईनं साखर वाटायला सुरुवातही केली. एकच फेरी उरली की घंटा वाजवतात, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. फटाक्यांचा आवाज थांबल्यावर आम्ही पुन्हा मोबाईलकडे पाहिलं, तर चित्रात ती नव्हती. एकामागून एक बाया तिला टाकून गेल्या होत्या.

तिची आई हातात साखरेची वाटी धरून म्हणाली, "मंग घंटी कायले वाजोली त्याइनं?"

ती घरी आली तेव्हा फटाक्यांचा विषय कुणी काढला नाही. तिनंच काढला. "लय फटाके फोडले म्हणे तुमी!" आणि हसत हसत आत निघून गेली.

तिचे शिबिरातले सर पुण्याकडचे. ते तिला म्हणाले होते, "तू सगळ्यांसाठी वारा कापतेस आणि शेवटी त्या तुला कापतात. मागे राहायला शीक." या मोसमात संघात नाव आलं नाही, तर शिबिरातली जागा जाणार होती. जागा गेली म्हणजे धावणंच संपलं. मग ती गावात, घरात, एका जागी. हे बोलताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

मग पांदणीत नवा सराव सुरू झाला. काका, म्हणजे तिचे वडील, मोटारसायकलवर हळूहळू पुढे आणि ती मागे. मी बांधावरून पाहायचो. थोडा वेळ ठीक चालायचं. मग तिचे खांदे वर यायचे, मान इकडेतिकडे व्हायची आणि ती गाडीला मागे टाकून निघून जायची.

"बाबा, तुमी लय हळू चालोता!"

"तुयाच सरनं सांगतलं ना व, हळू चालवा म्हून!"

एकदा धापा टाकत ती मला म्हणाली, "समोर कोणाची पाठ दिसली का मले वाटते, आपलं काईतरी निघून चाल्लं."

निवड चाचणीत मात्र तिनं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मागे राहिली. सगळ्या घोळक्याच्या मध्ये सापडली, बाहेर पडायला वाट मिळाली नाही. संघात नाव आलं नाही. मी फोन केला, "ताई, काय झालं?"

"काई नाई. सर म्हणत होते मांगं राह्य, मी मांगं राह्यली. मंग मांगंच राह्यली."

एकच वाट उरली होती. परदेशात एक शर्यत होती. ठरलेल्या वेळेच्या आत तिथे अंतर पूर्ण केलं, तर संघाचं दार पुन्हा उघडणार होतं. पण सरांना तिच्यासाठी जागा मिळाली ती वेगळीच. पहिल्या दोन फेऱ्या पुढे राहून इतरांना वेग द्यायचा आणि मग बाजूला व्हायचं. शेवटपर्यंत धावायला मनाई नसते, पण दोन फेऱ्यांत अंगातलं सगळं संपतं. असे धावणारे थांबतातच.

घरात हे ऐकून तिची आई म्हणाली, "म्हणजे करवलीच की. नवरी दुसरीच."

काकांनी विचारलं, "बाजूले म्हणजे कुठं व्हाचं?"

"आतल्या गवतात."

"आन मंग?"

"मंग टाळ्या वाजवाच्या."

तिनं मला विचारलं, "तू एवढा शिकून राह्यला, सांग बरं, जाऊ का नोको?" मी म्हटलं, "मला यातलं कळत नाही, ताई." ती कुंपणापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून कुंपणापर्यंत येरझारा घालत राहिली. सकाळी तिची बॅग दारात होती.

शर्यतीच्या दिवशी मी बुलढाण्याला, कॉलेजच्या होस्टेलवर होतो. ती शर्यत कुठेच दाखवत नव्हते. समोर पुस्तक उघडं होतं, पण मी एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत होतो. गॅलरीत जायचो, परत यायचो, मोबाईल उलटा ठेवायचो, सुलटा करायचो. मेसला जेवायला गेलो आणि ताट तसंच ठेवून उठलो. दुपार कलली, तरी काही कळेना.

मग काकांचा फोन आला. मागे शेतातल्या मोटारीचा आवाज होता, त्यावरून ते ओरडत होते.

"बाबू, थे बाजूले झालीच नाई!"

"काय?"

"तिच्या सरचा फोन आलता. दोन फेऱ्या झाल्या. सारे पाहून राह्यले का आता जाते गवतात, मंग जाते. गेलीच नाई! धावतच राह्यली!"

"नंबर कितवा, काका?"

"चौथा. तिघी गेल्या म्हणते समोर." मोटारीचा आवाज थांबला; त्यांनी ती बंद केली होती. "पण ठरल्या टाइमात बसली म्हणते. संघात घेतलं. इतक्यात घरी येत नाई, तिकडूनच शिबिराले जाऊन राह्यली."