सुनेने नेलेली चुंबळ

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमारास घडलेलं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. पाटोदा तालुक्यातला एक तरुण बायको हरवल्याची तक्रार घेऊन ठाण्यात आला. सोबत त्याची आई होती. बायको पंचविशीची, पदरी दोन लेकरं, दोघं दरसाल जोडीने तोडीला जाणारे. आम्ही मिसिंग दाखल करून घेतली.

गावाने निकाल आमच्याआधीच लावला होता. पळाली म्हणे कुणाबरोबर तरी. गावाला पुरावा लागत नाही, पोलिसांना लागतो. मी नवऱ्याला विचारलं, "जाताना काय काय नेलं?"

"दोन लुगडी, साहेब. अन् खुंटीवरची चुंबळ."

मी जबाब लिहिता लिहिता थांबलो. चुंबळ म्हणजे उसाची मोळी उचलताना डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. यारासोबत पळणारी बाई दागिने नेईल, चुंबळ कशाला नेईल? हिला कामावर जायचं होतं. मग घर सोडलं कशासाठी?

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याहून खबऱ्याचा फोन आला. एका धाब्यावर नवीन बाई भाकरी थापतेय, कुणाशी बोलत नाही. निघण्याआधी मी सासूला बोलावून महिला हवालदाराशेजारी बसवलं. तिचं वय फार तर पंचेचाळीस, पण दिसायची साठीची. चौकशीत माणूस काय बोलतो यापेक्षा कुठे गप्प होतो, तिकडे माझं लक्ष असे. मी मांजरसुंब्याचं नाव काढलं आणि बाई गप्प झाली.

"मावशी, सून सुखरूप आहे. आता तिला घरी आणू ना?"

"नगा आनू, साहेब," ती रडायला लागली. "मीच पाठिवली तिला. माझ्या भावाचा धाबा हाय त्यो."

मग सगळं बाहेर आलं. सुनेच्या अंगावरून पांढरं जात होतं. कुण्या खाजगी डॉक्टरने कॅन्सरचं भय घातलं आणि गर्भाची पिशवी काढायचा दिवस ठरवून दिला. घाबरलेल्या नवऱ्याला वाटलं, तोडीआधी उरकून टाकावं. पाळीपायी तोडीत खाडे नकोत म्हणून आमच्या भागात हे असंच उरकलं जायचं.

"माजी बी तिच्याच वयात काढलती," सासू म्हणाली. "तवापासून कंबर सरळ झाली न्हाई. तोडीला जायला ती तयार हाय, म्हून चुंबळ दिली. पर तिची पिशवी काढू द्यायची न्हाई."

"गावात तिची बदनामी झाली, त्याचं काय?"

"बदनामी पुसता येती, साहेब. पिशवी परत बसविता येती व्हय?"

मी गाडी काढली आणि मांजरसुंब्याचा धाबा गाठला. सुनेनेही जबाबात तेच सांगितलं. ती सज्ञान होती, तिच्या मर्जीविरुद्ध तिला कुठे पाठवायचा प्रश्नच नव्हता. मी नवऱ्यालाच गाडीत घातलं आणि सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासणी केली. पिशवी चांगली आहे, जंतुसंसर्ग झालाय, गोळ्यांनी बरा होईल, म्हणाल्या. या वयात पिशवी काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हेही त्यांनी समजावलं. मग गोळ्यांचं एक पाकीट नवऱ्यापुढे सरकवलं.

"मला कावून?" तो दचकला.

"ऊस दोघं तोडता ना? मग गोळ्याही दोघांनी घ्या, नाहीतर संसर्ग एकमेकांकडून परत होईल."

सून त्या दिवशी पहिल्यांदा हसली. नवरा खाली मान घालून तिला म्हणाला, "मला लई भ्या वाटलं व्हतं गं." तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, एवढंच.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पकडले, पण भीतीने केवढं नुकसान होतं हे मला या घराने शिकवलं. आणि त्या भीतीला पुरून उरायला घरातलं एक खंबीर माणूस पुरतं, हेही.

पुढच्या हंगामाआधी तीच सासू पुन्हा ठाण्यात आली. मागे डोक्यावर पदर घेतलेल्या दोन तरुण बायका होत्या.

"आता काय झालं, मावशी?"

"ह्या शेजारच्या सुना. ह्यांचा बी दिवस ठरलाय," ती म्हणाली. "म्हनलं, हरवायच्या आधीच घिऊन जावं."

मी फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना लावला.