सुंदरखानीची वेल

नाशिकची भोकरी द्राक्षं घरात आली की मला उल्हासनगरच्या छावणीतली बराक आठवते. मी तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यात कारकून होतो आणि तिथे भाड्याने राहायचो. शेजारच्या सिंधी म्हाताऱ्याने फाळणीत क्वेट्ट्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून सुंदरखानी द्राक्षाची काडी आणली होती. मरण्याआधी एकदा ते द्राक्ष खायचं, एवढीच त्याची इच्छा. भिंतीलगत वेल छपरापर्यंत चढली, पण फळ धरेना. "आमच्या नाशकात चैत्रात खरडून छाटतात, काका," मी त्याला ऐकवायचो. तो हसायचा, "तुम्हारा अंगूर मराठी है बेटा, मेरा नहीं. इसको ठंड में काटते हैं." चैत्रात तो मुलीकडे अजमेरला गेला. परतल्यावर त्याला थक्क करायचं म्हणून मी वेल पार बुंध्यापर्यंत छाटली, आणि पंधरवड्यात ती वाळून गेली. तो आला तेव्हा मी म्हणालो, "काका, इथलं ऊन तिला सोसलं नाही." कात्रीच्या स्वच्छ कापावरून त्याने अंगठा फिरवला. "हां बेटा, इस साल धूप बहुत थी," एवढंच बोलला. त्याला कळलं होतं. आज पन्नाशीतही मुलांना सांगताना मी ती वेल उन्हानेच वाळली असं सांगतो.