भूल देणारी आत्या

माझ्या धाकट्या आत्यानं निम्मा बुलडाणा जिल्हा झोपवला आहे, आणि झोपवलेला प्रत्येक माणूस परत उठवला आहे, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगतो. आत्या भूलतज्ज्ञ. सकाळी चिखलीत कुणाचा हर्निया, दुपारी नांदुऱ्यात सिझर, संध्याकाळी बुलडाण्यात मोडलेला पाय, अशी ती आपली जुनी गाडी घेऊन दवाखान्यादवाखान्यांतून हिंडत असते. लग्नाच्या पंगतीतही ती माणसांचे चेहरे बघत नाही, माना बघते. एखादा आखूड मानेचा गृहस्थ समोर बसला की माझ्या कानाशी लागते, "याच्या गळ्यात नळी टाकाले लय जड जाईन!" आणि मग त्यालाच आग्रहानं जिलबी वाढते.

तिची दुसरी आवड म्हणजे लोकांचे अंगठे. तिच्या पर्समध्ये साबणाच्या वडीएवढं एक यंत्र असतं. मनगटावर पट्ट्या चिकटवून बटण दाबलं की नसेला बारीक झटका बसतो आणि अंगठा आपोआप आत वळतो. ऑपरेशनसाठी स्नायू ढिले करायचं औषध किती चढलं, किती उतरलं, ते त्यावरून कळतं. पण आमच्या घरात नवा जावई दिवाळसणाला आला की ओवाळण्याआधी आत्या त्याचा अंगठा उडवते. एका जावयानं घाबरत विचारलं, "हे काऊन करून राह्यल्या आत्या?" झालं! आत्यानं त्याला समोर बसवलं. "मेंदूचा निरोप नसेतून येते. पण नस स्नायूले चिकटून नसते बरं, मधात बारीक फट असते. नस त्या फटीत एक रसायन सोडते, ते स्नायूवरच्या कुलपात जाऊन बसते, मंग स्नायू आखडते. आमचं औषध त्या कुलपात आधीच ठाण मांडून बसते. निरोप येते, पण काम होत नाही. हात हालत नाही, पाय हालत नाही, श्वाससुद्धा बंद. माणूस मात्र आतून जागाच राह्यते! म्हणून पहिले झोपेचं औषध, मंग हे. आन् त्याचा श्वास तोवर आपुन घ्यायचा." जावयानं हातातली करंजी हळूच ताटात ठेवली.

हे सगळं मी हसण्यावारी नेत असे, तिच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता त्या दिवसापर्यंत. कार्यक्रम नांदुऱ्याला होता, आणि सकाळीच बुलडाण्यातून अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी बोलावणं आलं. तिथूनच तिला परस्पर नांदुऱ्याला न्यायचं म्हणून गाडी घेऊन मी सोबत गेलो. पेशंट म्हणजे धाड गावाकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली तरणी सून. ऑपरेशन झकास झालं, पण बाईचा श्वास काही परतेना. नळी टाकताना दिलेलं औषध चारदोन मिनिटांत उतरायला हवं होतं. इथं टाके पडले तरी अंगठा ढिम्म. सर्जनच्या कपाळावर घाम आला. बाहेर कुणकुण लागली आणि नवऱ्यानं टाहो फोडला, "माही बायको मेली काय? खरं सांगा!"

आत्यानं रीत मोडून त्याला आत घेतलं. तिचा फोन घेऊन मीही दारात उभा होतो. वीज जाऊन-येऊन होती, म्हणून मशीनवर न विसंबता आत्या स्वतः पिशवी दाबून बाईला श्वास देत होती. तिनं नवऱ्याचा हात बायकोच्या मनगटावर ठेवला. "हे ठोके लागले का हाताले? काळीज तिचं तिचंच चालू हाय. काहीजणाच्या रक्तात हे औषध मोडणारा पदार्थ जन्मापासूनच कमी असते. दुसऱ्याचं लगेच उतरते, हिचं उशिरा उतरीन. पण उतरीन. तोवर मी इथून हालत नाही." तो माणूस शेजारच्या स्टुलावर बसला आणि बायकोच्या पायाला हात लावून राहिला.

फोन वाजला. मी तो आत्याच्या कानाशी धरला. "आई, पाव्हणे येऊन बसले," मुलगी म्हणाली. आत्यानं सांगितलं, "तुम्ही उरकून घ्या बाई. एकीचा श्वास माह्या हातात हाय." पलीकडून आवाज आला, "सोडू नको आई." आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही. मधूनमधून ती झोपेचं औषध देत होती आणि तरीही बाईशी बोलत होती, "घाबरू नको माय, मी हाये."

उन्हं कलली तेव्हा अंगठा किंचित हलला. मग चांगला वळला. झोपेचं औषध थांबवलं, बाई स्वतः श्वास घेऊ लागली, नळी निघाली. आत्यानं आपली बोटं तिच्या मुठीत दिली. "जोरात दाब वं! मोडली तरी चालतीन!" मग नवऱ्याला बजावलं, "हिच्या बहीणभावांचं रक्त तपासून घ्या, आन् पुढं कुठंही ऑपरेशन असलं तर डॉक्टरले हे पहिले सांगा." त्यानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन सर्जनचे पाय धरले. मला रागच आला. आत्या निवांत हात धूत होती.

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात खुर्च्यांच्या चळती लागल्या होत्या. मुलीनं आईला बसवून स्वतःच्या हातानं भरवलं. त्या दिवशी मला आत्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढाच त्या पोरीचाही.

गेल्या हिवाळ्यात आत्यासोबत धाडच्या आठवडी बाजारात गेलो होतो. एक बाई खणखणीत आवाजात मेथीचा भाव ओरडत होती. आत्यानं तिला लगेच ओळखलं. बाईनं तिला फक्त टोपी आणि मास्कमध्ये पाहिलं असणार, तेही घडीभर. तिनं सगळ्या गिऱ्हाइकांसारखीच आत्यालाही जुडी दिली आणि पुढच्याकडं वळली.

"सांगू का तिले?" मी विचारलं.

"नको रे," आत्या म्हणाली. "तिले मी आठवत नाही, म्हंजे झोप चांगली लागली होती."

मग जुडी हातात धरून ती तिथंच गर्दीत उभी राहिली, तो आवाज ऐकत. मीही निघायची घाई केली नाही.