पुस्तकातला कडू घास

आमच्या शहापूरच्या वाचनालयात ती दर शनिवारी येते. नाव कार्डावर आहे, पण सांगणार नाही. कारण ती पुस्तकं खराब करते आणि मी, ग्रंथपाल असून, बघत बसतो.

तिला फक्त युद्धाच्या कादंबऱ्या लागतात. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली. पुस्तक परत देताना, किडकी वांगी विकणाऱ्याला झापावं तशी ती लेखकाला झापते.

एकदा मी रागावून पान उघडून दाखवलं. छापलं होतं, 'तार आली. ती तीन दिवस खिडकीत उभी राहिली.' खाली तिचं अक्षर: 'शेजारीण पिठलं-भाकर घेऊन आली. हिने दोन घास खाल्ले.'

"अहो, हे काय?"

"मग काय, भाऊ! तीन दिवस बाईला उपाशी उभी केलीय. मयताच्या घरी चूल नाय पेटत, शेजारी कडू घास नेतात, एवढं पण त्या लेखकाला म्हाईत नाय?"

मी हसलो. तीही हसली. मग पेन्सिल अंबाड्यात खोचत म्हणाली, "माझा पोरगा सरहद्दीवरून पेटीत आला ना, तवा अख्खा तालुका लोटला होता. सगळे फोटो काढत होते. भाकर आणायची कोणाच्या ध्यानात नाय रायली."

परवा नवी युद्धकादंबरी आली. तिला देण्याआधी मी वाचून काढली. एकशे बाराव्या पानावर तार येते. तिथे मी, आयुष्यात पहिल्यांदाच, वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिलं: 'भाकर आणली आहे. खाऊन घ्या.'